आगारांतील गाडी व रस्त्यावरील गाडी: संकेतस्थळाच्या घडणीविषयीं कांहीं धडे

खोपटच्या एस. टी. आगारावरून आमचे पुष्कळ विद्यार्थी रोज येतात व जातात. आंत उभ्या असलेल्या गाड्यांकडे त्यांनीं कधीं निरखून पाहिलें असेल, तर एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आलीच असेल. दुरुस्तीस आलेल्या गाडीचें झांकण उघडें असतें. कांहीं अवयव काढून बाजूला ठेविलेले असतात. कारागीर इंजिन चालू करून कान देऊन ऐकतो, बंद करतो, पुन्हां चालू करतो. गाडी अशा स्थितींत असतां तिच्यांत उतारू कोणी बसवीत नाहीं. तीच गाडी फलाटास लागली म्हणजे झांकण बंद, पाटी लाविलेली, वाहक दाराशीं उभा. इंजिनाचें अंतरंग उतारूस दिसण्याचें कारण नसतें. आणि तें दिसूं लागलें तर शहाणा उतारू खालीं उतरतो.

गाडी एकच, परंतु तिच्या अवस्था दोन. शाळेच्या संकेतस्थळाचेंही तसेंच आहे, आणि त्या दोन अवस्थांची गल्लत झाली असतां काय होतें हें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगणार आहोंत. मुलांस हा विषय संगणकाच्या तासाचा वाटेल. पालकांस तो आपला नाहीं असें वाटेल. पण ज्या संकेतस्थळावर आपल्या पाल्याचें नांव, इयत्ता व आपला ईमेलचा पत्ता नोंदविलेला आहे, त्याचें झांकण उघडें आहे कीं बंद, हें पालकांनींही विचारण्यासारखें आहे.

प्रथम थोडी ओळख. पूर्वीं संकेतस्थळाचें प्रत्येक पान हातानें लिहून काढावें लागे. शंभर पानांवर शाळेचा दूरध्वनी क्रमांक असेल आणि तो बदलला, तर शंभर ठिकाणीं दुरुस्ती. पुढें मजकूर-व्यवस्था नांवाची तऱ्हा निघाली. तिच्यांत मजकूर एका डेटाबेसांत राहतो, पानाचें रूप थीममध्यें राहतें, आणि वाचकानें पान मागितलें म्हणजे एक आज्ञावली त्या दोहोंची सांगड घालून पान सिद्ध करून देते. ड्रुपल ही अशी व्यवस्था २००१ सालीं बाहेर आली. वर्डप्रेस ही २७ मे २००३ रोजीं मॅट मुलेनवेग व माइक लिट्ल या दोघांनीं प्रसिद्ध केली. दोन्ही विनामूल्य मिळतात, दोहोंची आज्ञावली कोणासही उघडून वाचतां येते, आणि वर्डप्रेसचें कामकाजाचें पटल स्वयंसेवकांच्या श्रमामुळें मराठींतही उपलब्ध आहे. आमच्या शाळेचें संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, म्हणून पुढील विवेचन बहुतांशीं त्याचेंच आहे.

आतां ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वींचा जुलै महिना. शाळेच्या संकेतस्थळावर सूचनांचें पान नव्यानें रचावयाचें होतें. आम्हीं व दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनीं चालू संकेतस्थळाची जशीच्या तशी प्रत एका लॅपटॉपवर उतरवून घेतली, व तिच्यावर काम सुरू केलें. येथवर सर्व रीतसर होतें. रचना जमली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कांहीं तरी सूचना घालावयाची होती. बाहेर पाऊस कोसळत होता; आम्हींच विद्यार्थ्यांस म्हटलें, लिहा, 'अतिवृष्टीमुळें उद्यां शाळेस सुटी'. त्यांनीं लिहिलें आणि 'प्रकाशित करा' ही कळ दाबली. सूचना लॅपटॉपवर सुबक दिसली. आम्हीं समाधानानें दिवे मालवून घरीं गेलों.

रात्रीं साडेआठाच्या सुमारास मुख्याध्यापिकाबाईंचा दूरध्वनी आला. नोंदणी केलेल्या सर्व पालकांस सुटीचा ईमेल पोंचला होता. मूळ संकेतस्थळावर नवी सूचना निघतांच पालकांस ईमेल धाडणारें एक प्लगिन बसविलेलें होतें. त्याची मांडणी, डाक पाठविण्याच्या खात्याची किल्ली आणि पालकांचे पत्ते हें सारें डेटाबेसांत होतें. आणि डेटाबेसाची आम्हीं हुबेहूब प्रत केली होती. प्रतीला आपण प्रत आहों हें ठाऊक नव्हतें. तिला नेमून दिलेलें काम तिनें केलें.

आम्हीं लागलीच दुरुस्तीचा ईमेल धाडला. पण ज्यांनीं पहिला ईमेल वाचून पुढें मित्रमंडळींस धाडला होता त्यांनीं दुसरा वाचलाच असें नाहीं. २६ जुलै २००५ चा दिवस ठाण्याच्या पालकांच्या स्मरणांत अजून आहे; त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता व कितीएक मुलें शाळांतच अडकून पडलीं होतीं. तेव्हां पावसाच्या सूचनेवर कोणी शंका घेत नाहीं, आणि तेंच योग्य आहे. दुसऱ्या दिवशीं वर्ग अर्धे रिकामे होते. एका मुलाची चांचणी बुडाली. एका माउलीनें घरीं राहणाऱ्या लहानग्यासाठीं कामावर रजा टाकली, आणि तिची रोजंदारी गेली. तिनें आम्हांस कांहीं बोल लाविला नाहीं, तिनें नुसतें विचारलें, "सर, खोटी सूचना कशाला लिहिलीत?" प्रयोगासाठीं लिहिली हें उत्तर आम्हीं दिलें खरें, पण तें देतांना आमचें आम्हांसच बरें वाटलें नाहीं.

या चुकीचा दोष त्या दोन विद्यार्थ्यांकडे मुळींच जात नाहीं. त्यांस जें शिकवावयास हवें होतें तें आम्हीं शिकविलें नव्हतें, कारण आम्हांसही तें धड ठाऊक नव्हतें. त्यानंतर आम्ही शिकलों तें असें.

वर्डप्रेसच्या प्रत्येक घरांत मांडणीची एक फाइल असते. तिच्यांत डेटाबेसाचें नांव, त्याच्या खातेदाराचें नांव, त्याचा पासवर्ड व सर्व्हरचा पत्ता असतो. शिवाय प्रवेशाची ओळख गुप्त राखण्यासाठीं यदृच्छेनें निवडलेल्या अक्षरांच्या आठ लांबलचक ओळी असतात. ही फाइल म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा होय. कामाच्या प्रतीसाठीं या फाइलींत जे बदल करावयाचे ते चालू संकेतस्थळाच्या फाइलींत करावयाचे नाहींत, आणि म्हणूनच दोहोंच्या फाइली निरनिराळ्या ठेवावयाच्या. सारें संकेतस्थळ एका जागेहून दुसऱ्या जागीं हलवितांना ही एक फाइल मात्र जागची हलतां कामा नये.

हिच्यांतील पहिली ओळ जी आम्ही विद्यार्थ्यांकडून लिहून घेतों ती अवस्थेची. २०२० सालच्या ऑगस्ट महिन्यांत वर्डप्रेसची ५.५ ही आवृत्ति निघाली. तेव्हांपासून संकेतस्थळास आपली अवस्था कोणती हें सांगण्याची सोय झाली आहे. अवस्था चार: घरची, घडणीची, तालमीची व चालू. घरची म्हणजे लॅपटॉपवरील. घडणीची म्हणजे अनेकांनीं मिळून काम करावयाची. तालमीची म्हणजे चालू संकेतस्थळासारख्याच सर्व्हरवर शेवटची पडताळणी करण्याची. आणि चालू ती चालू. आपण कांहींच सांगितलें नाहीं, तर वर्डप्रेस स्वतःस चालू समजतें. हा नियम फार शहाणपणाचा आहे असें आमचें मत आहे: ज्यास आपली अवस्था ठाऊक नाहीं त्यानें लोकांसमोर आहोंत असें समजूनच वागावें. पण आमच्या त्या जुलै महिन्यांतील प्रतीनेंही नेमकें तेंच समजून सर्वांस ईमेल धाडले, हेंही विसरतां येत नाहीं.

येथें एक खुलासा हवा. अवस्थेची ओळ लिहिली म्हणजे ईमेल आपोआप थांबतात असें नव्हे. ती ओळ म्हणजे गाडीवरची 'दुरुस्तीस' ही पाटी आहे. पाटी वाचून थांबणें हें प्रत्येक प्लगिनच्या कर्त्यावर अवलंबून आहे. कांहीं प्लगिनें ती वाचतात, कांहीं वाचीत नाहींत. म्हणून डाक थांबविण्याची तजवीज निराळी करावी लागते. आम्हीं आतां प्रतीवर असें एक साधन बसविलें आहे कीं प्रत जो ईमेल धाडील तो बाहेर न जातां लॅपटॉपवरच एका पेटींत पडतो. पेटी उघडून कोणास काय गेलें असतें तें वाचतां येतें. विद्यार्थ्यांस याची मोठी गंमत वाटते.

दुसरी ओळ चुका दाखविण्याची. आज्ञावलींत चूक झाली असतां वर्डप्रेस दोन प्रकारें वागूं शकतें. चुका दाखविण्याची खूण बंद असेल, तर बारीकसारीक चुका वाचकास दिसत नाहींत, आणि घातक चूक झाली तर एक गंभीर चूक घडली आहे एवढेंच वाक्य पानावर उमटतें. खूण चालू असेल, तर कोणत्या फाइलींत, कितव्या ओळींत, कोणत्या प्रकारची चूक झाली तें सर्व पानाच्या माथ्यावर छापून येतें. शिकणाऱ्यास ही खूण म्हणजे दिवाच होय. आमच्या एका विद्यार्थ्यानें अर्धविराम विसरून दोन तास डोकें धरिलें होतें. खूण चालू करतांच ओळीचा आंकडा समोर आला व चूक अर्ध्या मिनिटांत सांपडली.

परंतु हाच दिवा चालू संकेतस्थळावर ठेविला तर तो चोरासही उपयोगी पडतो. चुकीच्या संदेशांत सर्व्हरवरील फाइलींचा पूर्ण मार्ग असतो, प्लगिनचें नांव असतें, कधीं खात्याचें नांवही त्या मार्गांत गुंफलेलें असतें. कोणत्या घरास कोणतें कुलूप आहे हें दारावर लिहून ठेवण्यासारखें तें आहे.

यावर तोड अशी. चूक दाखविणें आणि चूक नोंदणें या दोन गोष्टी वर्डप्रेसमध्यें अलग करतां येतात. दाखविण्याची खूण बंद व नोंदण्याची चालू ठेविली, तर वाचकास पान स्वच्छ दिसतें आणि चुकांची वही मागल्या बाजूस भरत राहते. मात्र ही वही ज्या ठिकाणीं आपोआप तयार होते तें ठिकाण ठरावीक आहे, तें साऱ्या जगास माहीत आहे, आणि सर्व्हरवर बंदोबस्त केलेला नसेल तर ब्राउझरमध्यें तो पत्ता लिहून कोणीही ती वाचूं शकतो. वही दुसरीकडे, लोकांस न दिसणाऱ्या जागीं ठेवण्याची सोय ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. ती सोय सर्वांनीं वापरावी. आम्हीं वही हलविली तेव्हां जुन्या वहींत दीड वर्षाच्या नोंदी सांपडल्या. त्या कोणी वाचल्या असतील काय, हा विचार अजून मनांत येतो.

याच जातीचा आणखी एक धोका सांगून ठेवितों, कारण तो मुलांच्या हातून सहज घडतो. मांडणीची फाइल बदलण्यापूर्वीं तिची एक प्रत जपून ठेवावी असें आपण शिकवितों. मूल काय करतें, त्याच जागीं प्रत करून तिच्या नांवाच्या शेवटीं 'जुनी' अशा अर्थाचें शेपूट जोडतें. मूळ फाइल पीएचपीची असल्यामुळें सर्व्हर ती चालवितो, वाचून दाखवीत नाहीं. शेपूट बदललेली फाइल मात्र त्यास साधा मजकूर वाटते, आणि जो मागेल त्यास तो ती पासवर्डासकट वाचावयास देतो. प्रत ठेवावी, परंतु संकेतस्थळाच्या अंगणांत ठेवूं नये.

आतां मराठींत लिहिणाऱ्यांस लागणाऱ्या दोन खास गोष्टी. या कोणत्याही इंग्रजी पाठांत ठळकपणें आढळणार नाहींत, म्हणून येथें थोडें थांबूं.

वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा दुवा तयार करतें. दुव्याची लांबी २०० चिन्हांहून अधिक होऊं देत नाहीं. इंग्रजी अक्षरास एक चिन्ह लागतें. देवनागरी अक्षर यूनिकोडच्या प्रचलित पद्धतींत तीन बाइटांत साठविलें जातें, आणि दुव्यांत लिहितांना प्रत्येक बाइटास तीन चिन्हें लागतात. म्हणजे एका देवनागरी चिन्हास नऊ. २०० ला ९ नीं भागा: बावीस, बाकी दोन. मराठी दुव्यांत बावीस चिन्हेंच मावतात. आणि चिन्ह म्हणजे आपण समजतों तें अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त हीं सर्व स्वतंत्र चिन्हें मोजलीं जातात. 'वार्षिक स्नेहसंमेलन आणि पारितोषिक वितरण' असें शीर्षक घ्या. 'वार्षिक' मध्यें चिन्हें सात, म्हणून ६३; मधली रेघ एक; 'स्नेहसंमेलन' मध्यें अकरा, म्हणून ९९; पुन्हां रेघ; 'आणि' मध्यें तीन, म्हणून २७; पुन्हां रेघ. बेरीज १९२. आतां 'पारितोषिक' मधला पहिला 'प' घेऊं गेलें तर २०१ होतात. म्हणून दुवा 'आणि' येथें तुटतो. आणि काय, हें वाचकानें समजून घ्यावें! पुढच्या वर्षीं त्याच आरंभाचें शीर्षक दिलें तर वर्डप्रेस शेवटीं दोनाचा आंकडा जोडून मोकळें होतें. यावर उपाय साधा आहे: प्रकाशित करण्यापूर्वीं दुवा हातानें लहान करावा. पण हें प्रतीवरच ठरवून टाकावें, कारण पालकांच्या हातीं गेलेला दुवा मागाहून बदलणें बरें नव्हे.

दुसरी गोष्ट प्रत काढतांनाची. डेटाबेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतांना अक्षरांची पद्धत दोन्हीकडे एकच सांगावी लागते. ती चुकली तर दोहोंपैकीं एक होतें. एक तर सारा मराठी मजकूर परकी, निरर्थक अक्षरांचा खच होऊन दिसतो. हें भयंकर दिसलें तरी बाइट शाबूत असतात, व बहुधा मूळ मजकूर परत मिळवितां येतो. किंवा प्रत्येक चिन्हाच्या जागीं प्रश्नचिन्ह येतें. हें नीटनेटकें दिसलें तरी त्या प्रतींतील मजकूर गेला तो गेलाच. मूळ संकेतस्थळ सुरक्षित असेल तर पुन्हां प्रत काढावी. मूळावरच हा प्रयोग केला असेल तर मात्र इलाज नाहीं. घडणीची प्रत निराळी ठेवण्याचें याहून चांगलें कारण आम्हांस सांगतां येणार नाहीं.

प्रतीचा पत्ता बदलणें हेंही एक किचकट प्रकरण आहे. डेटाबेसांत संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता शेंकडों ठिकाणीं लिहिलेला असतो. लॅपटॉपवर तो बदलून लॅपटॉपचा करावा लागतो. साधें शोधून बदलणें केलें तर पुष्कळ वेळां पानाच्या बाजूच्या चौकटी व थीमची मांडणी नाहींशी होते. कारण असें कीं त्या मांडणीच्या पुडक्यांवर आंत किती बाइट आहेत तो आंकडा लिहिलेला असतो. पत्ता लहानमोठा झाला व आंकडा जुनाच राहिला, कीं आज्ञावली तें पुडकें उघडण्याचेंच नाकारते. 'शाळा' या शब्दावर आंकडा कोणता असेल असें वर्गांत विचारलें तेव्हां मुलांनीं दोन सांगितलें. एका मुलीनें चार सांगितलें. तिनें काने मोजले होते. खरें उत्तर बारा. या कामासाठीं वर्डप्रेसची आज्ञा-पंक्तीची आज्ञावली आहे, ती आंकडे मोजून पुन्हां लिहिते, तीच वापरावी.

आपल्या ठाण्यास तालमीची परंपरा जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, चौदा डबे, सुमारें चारशें उतारू, अंतर एकवीस मैल, हें शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असतें. पण त्याच मार्गावर १८ नोव्हेंबर १८५२ रोजीं चांचणीची गाडी धांवली होती, हें फारसें कोणी सांगत नाहीं. दोन तारखांमध्यें पांच महिने आहेत. समारंभाच्या दिवशीं तोफांची सलामी झाली. नोव्हेंबरांतल्या त्या दिवसाची आठवण कोणी साजरी करीत नाहीं.

घडणीच्या मांडणींतील आणखी एक विषय म्हणजे साठवण. चालू संकेतस्थळ प्रत्येक वाचकासाठीं पान नव्यानें रचूं लागलें तर निकालाच्या दिवशीं सर्व्हर धापा टाकूं लागेल. म्हणून एकदां रचलेलें पान साठवून तेंच पुढें दिलें जातें. शिकणाऱ्यास मात्र यामुळें भ्रम होतो: तो रंग बदलतो, पान पाहतो, रंग जुनाच. तो पुन्हां बदलतो. मग आपण चुकलों असें समजून बरोबर लिहिलेलें खोडतो. म्हणून घडणीच्या प्रतीवर साठवण बंद ठेवावी. ड्रुपलमध्यें या कामासाठीं पूर्वीं निरनिराळ्या फाइलींत हात घालावा लागे, १०.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, पटलावरच घडणीच्या मांडणीचें एक पान दिलेलें आहे व तेथें खुणा करून साठवण बंद करतां येते. हें पान फक्त घडणीच्या प्रतीसाठींच आहे, चालू संकेतस्थळावर त्या खुणा कधींही ठेवूं नयेत. सोय जितकी सुलभ तितकी ती बंद करण्याची आठवण ठेवणें अवघड, असें आमच्या पाहण्यांत आहे. फाइल उघडण्यास कष्ट पडत होते तेव्हां निदान आपण कांहीं तरी केलें आहे हें ध्यानांत राहत असे.

आतां पालकांसाठीं. प्रत काढली म्हणजे तिच्याबरोबर मुलांचीं नांवें, जन्मतारखा व पत्तेही लॅपटॉपवर येतात. तो लॅपटॉप विद्यार्थ्याचा असेल तर तो रिक्षांत विसरला जाऊं शकतो, धाकट्या भावाच्या हातीं पडूं शकतो, दुरुस्तीस दुकानांत जाऊं शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून तिची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकांची पडताळतां येईल अशी संमति घेण्याची तरतूद आहे. कायदा नसता तरी शेजाऱ्याच्या मुलाचा पत्ता आपल्या खिशांत घेऊन कोणी हिंडूं नये हें सांगावें लागलें नसतें. आम्ही आतां प्रत विद्यार्थ्यांच्या हातीं देण्यापूर्वीं तींतील सर्व नांवें बदलून टाकितों. मुलांच्या जागीं फळांचीं नांवें घालावीं ही सूचना सातवींतल्या एका मुलाची. त्यामुळें आमच्या प्रतींत सध्यां इयत्ता आठवी 'ब' मध्यें फणस हा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला असून सीताफळाची फी थकलेली आहे. ईमेलचे पत्ते सर्वच्या सर्व पुसून शाळेचा एकच पत्ता घातलेला असतो.

तालमीची प्रत सर्व्हरवर ठेवावयाची असेल तर तीस पासवर्ड लावावा. वाचनाच्या मांडणींत शोधयंत्रांस येथें येऊं नका असें सांगण्याची एक खूण आहे; ती करावी, पण ती विनंति आहे, कुलूप नव्हे. आणि चालू संकेतस्थळावर ती खूण चुकून राहिली तर शाळेचें नांव शोधणाऱ्या नव्या पालकांस शाळा सांपडेनाशी होते, हेंही तपासावें.

शाळेच्या कार्यालयानें आणखी एक गोष्ट पाहावी. २०१९ च्या मे महिन्यांत आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून संकेतस्थळावर घातक चूक झाली कीं वर्डप्रेस व्यवस्थापकास ईमेल करून दुरुस्तीसाठीं आंत शिरण्याचा एक खास दुवा देतें. ही मोठीच मदत आहे. मात्र तो ईमेल ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचा असूं नये. आमच्याकडे तो तसाच होता.

सध्यां आम्ही असें करतों. गुरुवारीं शाळा सुटल्यावर चार विद्यार्थी प्रतीवर काम करतात. प्रतीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पिंवळी पट्टी आहे व तिच्यावर 'ही तालमीची प्रत आहे' असें लिहिलेलें आहे. ती अवस्थेची ओळ वाचूनच उमटते, त्यामुळें चालू संकेतस्थळावर आपोआप दिसेनाशी होते. प्रयोगासाठीं लिहावयाची सूचना खरी वाटेल अशी लिहावयाची नाहीं. बहुतेक वेळां ती फणसाच्या सत्काराची असते. काम पुरें झालें कीं एक विद्यार्थी दुसऱ्याचें काम तपासतो, मग आम्ही पाहतों, आणि शनिवारीं दुपारीं, कार्यालय बंद झाल्यावर, फक्त थीमच्या बदललेल्या फाइली चालू संकेतस्थळावर नेतों. डेटाबेस व मांडणीची फाइल यांस हात लावीत नाहीं. नंतर चुकांची वही उघडून पाहतों. मागल्या शनिवारीं तिच्यांत तीन ओळी होत्या, तिन्ही एकाच जुन्या प्लगिनच्या. तें प्लगिन काढून टाकिलें आहे.